‘विषयांतर’ हा शेरा मारण्याआधी : मराठवाड्यातल्या भाषाशिक्षकांना खुलं पत्र

आदरणीय प्राध्यापक, प्राध्यापिका आणि शिक्षक मित्रहो,

सप्रेम नमस्कार.

केंद्रीय मूल्यांकनाला आपण एका टेबलाभोवती बसतो तेव्हा शेजारच्याचे शेरे नजरेला पडतात, आणि ते बहुतेक सारखेच असतात. ‘विषयांतर’. ‘मांडणी विस्कळीत’. ‘मुद्द्याला धरून नाही’. ‘पाल्हाळ’. बोलीतला शब्द दिसला की आपण रेघ ओढतो, ऱ्हस्वदीर्घाला गोल करतो. त्या गोष्टींवर आपल्यात निदान वाद होतात. बोली आणि प्रमाणभाषा यांवर चर्चासत्रं झाली, विशेषांक निघाले. मांडणीवर मात्र कुणी बोलत नाही. मांडणी एकच असते, ती ज्याला जमते त्याचं डोकं स्वच्छ आणि ज्याला जमत नाही त्याचं गोंधळलेलं, असं आपण धरून चाललो आहोत.

या समजाबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे. मुद्दा आधी सांगावा की शेवटी, मागणी थेट करावी की परिस्थिती सांगून, ‘मी’ म्हणावं की ‘आम्ही’, पुरावा म्हणून आकडा द्यावा की तुकोबांचा चरण, हे कुणी पोटातून शिकून येत नाही. माणूस ते घरात शिकतो, देवळात, मशिदीत, तांड्यावर, कचेरीच्या आवारात शिकतो. आपल्या वर्गात येणारा मुलगा एक मांडणी घेऊनच येतो. तिच्या जागी ती चोख असते. आपण तिला मांडणी म्हणून ओळखतच नाही, आणि दुसरी मांडणी त्याला उघडपणे शिकवतही नाही; फक्त ती नसल्याचे गुण कापतो.

मागे एका परीक्षेत नियमनासाठी, म्हणजे तपासून झालेल्या पुन्हा पाहण्यासाठी, माझ्याकडे आलेल्या उत्तरपत्रिकांत ‘आमच्या भागातील पाणीटंचाई’ या विषयावरचा एक निबंध होता. लिहिणारी मुलगी कोण, कुठली, हे कळायला मार्ग नव्हता. सुरुवात एका अभंगाच्या चरणानं होती. मग गावातल्या बारवेची हकीकत, आजीकडून ऐकलेली. तिथून ती एकदम २०१६ च्या एप्रिलवर गेली, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यावर. मग पुन्हा तोच चरण. मग आईनं टँकरपुढे लावलेली घागर, त्यावरून शेजारणीशी झालेलं भांडण आणि दुसऱ्या दिवशी त्याच शेजारणीनं दिलेला तांब्याभर पाण्याचा आधार. मग पुन्हा चरण. दहापैकी चार गुण होते आणि समासात लिहिलं होतं, ‘विषयांतर फार’.

तो निबंध कीर्तनाच्या साच्यात लिहिलेला होता. सप्ता होत नाही असं गाव आपल्याकडे शोधावं लागेल. पहाटे काकडा, दिवसा पारायण, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काला; मूल मांडीवर असल्यापासून हे ऐकतं. महाराज एक अभंग निरूपणाला घेतात. धृपद पुन्हा पुन्हा म्हटलं जातं. मग एकेक चरण सोडवायला सुरुवात होते. एखाद्या शब्दाशी थांबून महाराज दुसऱ्या संताचं प्रमाण देतात, टाळकरी ते उचलून गातात. मग पुराणातला दृष्टांत येतो, मग गावातलाच एखादा प्रसंग, कधी कालच्या वर्तमानपत्रातली बातमी. ऐकणारा कुठेही हरवत नाही, कारण प्रत्येक फेरीनंतर महाराज धृपदावर येतात. दोन तासांचं कीर्तन हातात कागद न घेता उभं राहतं ते या शिस्तीवर.

त्या मुलीनं ही शिस्त कुठेही मोडली नव्हती. दोन वेळा बाहेर गेली आणि दोन्ही वेळा चरणावर परत आली. तिचा एकही दृष्टांत पाण्याला सोडून नव्हता. तिला एवढंच माहीत नव्हतं की परीक्षेच्या निबंधात परीक्षक पहिल्याच परिच्छेदात पूर्ण विधान शोधतो, प्रसंगांपेक्षा कारणांना जास्त वजन देतो आणि अभंगाच्या चरणाला पुरावा मानत नाही. हे तिला कुणी सांगितलं होतं? अभ्यासक्रमाच्या कोणत्या पानावर लिहिलं आहे? ‘मुद्देसूद लिहा’ एवढंच आपण म्हणतो, आणि मुद्देसूद म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक आहे असं समजतो. ज्यांच्या घरी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचला जातो, त्यांना ते ठाऊक असतं.

मांडणीचा दुसरा धडा आपली मुलं तहसीलच्या आवारात घेतात. बापासोबत अर्ज लिहून घ्यायला गेलेल्या पोरानं अर्जनवीसाच्या तोंडून तो ऐकलेला असतो. वर ‘विषय’ म्हणून एक ओळ असते, ती फायलीसाठी. खाली ‘विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की’ असं म्हणून हकीकत सुरू होते: गट नंबर, घरची माणसं, पावसाचं काय झालं, आधी कोणाकडे किती खेटे घातले. कारणं सगळी मांडून झाल्यावर ‘तरी मेहेरबान साहेबांनी’ येतं आणि मागणी त्याच्या मागून येते, शेवटी, ‘नम्र विनंती’ला चिकटून. या क्रमाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि सरकारदरबारची भाषा उर्दू होती. उर्दू दरखास्तीचा साचाही हाच: ‘बखिदमत जनाब’, मग ‘गुजारिश है कि’ म्हणून हकीकत, मग ‘लिहाजा’ आणि त्यानंतर मागणी, शेवटी ‘ऐन नवाजिश होगी’. मागणारा आधी आपली परिस्थिती समोर ठेवतो, ऐकणाऱ्याच्या मनात तिची जागा होऊ देतो, आणि मगच हात पुढे करतो. एकदम मागणं हे उद्धटपणाचं मानलं जातं. घरातही तेच. पाहुणा आला की पाऊसपाणी, पिकं, पोराबाळांचं शिक्षण, सगळं विचारून झाल्यावर चहाचा कप खाली ठेवताना तो ज्या कामाला आला ते बोलतो. कोणी दारातच काम बोलला तर काहीतरी वाईट घडलंय असं वाटून घरातल्या बाया बाहेर येतात.

हाच मुलगा पुढे पुण्यात कंपनीत लागतो आणि रजेचा ईमेल लिहितो. आजोबांची तब्येत चार दिवसांपासून बरी नाही, नांदेडला दवाखान्यात दाखल केलंय, वडील एकटे आहेत, सोयाबीन काढणीला आलंय, मजूर मिळत नाहीत. रजा मागितली आहे ती आठव्या ओळीत. वरिष्ठ तीन ओळी वाचून पुढच्या ईमेलकडे वळतो आणि ‘याला नेमकं सांगता येत नाही’ असं मत करून घेतो. तिथली रीत उलटी आहे: किती दिवसांची रजा, कोणत्या तारखेपासून, काम कोण बघेल, हे आधी, कारण एका ओळीत. ती रीत शिकायला दहा मिनिटं लागतात. पण शिकवावी लागते, आणि ‘तुझी पद्धत चुकीची’ असं न म्हणता ‘इथली पद्धत वेगळी’ असं म्हणून शिकवली तर ती पटकन बसते, असा माझा वर्गातला अनुभव आहे. उलट बाजूही पाहा. शहरात वाढलेला तरुण अधिकारी जिंतूर किंवा किनवटकडच्या गावात येतो आणि समोरच्या म्हाताऱ्याला पहिलंच वाक्य ‘कागद आणलेत का?’ असं टाकतो. त्याच्या लेखी तो कामसू आहे, म्हाताऱ्याचा वेळ वाचवतो आहे. गावाच्या लेखी त्यानं साधं ‘बसा’ही म्हटलेलं नाही.

या मातीला मांडणी बदलणं परकं नाही, आणि म्हणूनच आपल्याकडून मला जास्त अपेक्षा आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते, असं परंपरा सांगते. नाथांनी तिथे हिशेबाचं कामही केलं. त्यांच्या भारुडांत ‘अर्जदस्त’ आहे, ‘ताकीदपत्र’ आहे, ‘अभयपत्र’ आहे. सोळाव्या शतकातल्या कचेरीच्या कागदाचा अस्सल घाट, त्यातले फारसी शब्द, तो अदब, सगळं घेऊन त्यांनी शरीराला परगणा कल्पलं आणि देवाच्या दरबारी अर्ज केला. तेच नाथ गोंधळ्याच्या तोंडून बोलतात, वासुदेवाच्या, जोशाच्या, जोहार घालणाऱ्या महाराच्या तोंडून बोलतात आणि भागवतावर ओवीबद्ध टीकाही लिहितात. कोणत्या जागी कोणत्या घाटात बोलायचं याचं इतकं नेमकं भान असलेला लेखक आपल्या जिल्ह्यांतल्या प्रत्येक अभ्यासक्रमात आहे. आपण त्यांची भारुडं ‘लोकशिक्षण’ या एका शब्दात गुंडाळतो. ‘अर्जदस्त’ आणि आजचा तहसीलमधला अर्ज शेजारी ठेवून शिकवला तर व्यावहारिक लेखनाचा याहून चांगला तास होणार नाही.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. इथल्या कितीतरी घरांत तीन पिढ्यांत लिहिण्याची भाषा आणि लिपी दोनदा बदलली. पणजोबांचा कागद मोडी लिपीत, आजोबांचं शिक्षण उर्दूत, बापाचं मराठीत. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झालं ते उर्दू माध्यमाचं; मराठवाड्यातल्या ज्या थोड्यांना उच्च शिक्षण मिळालं त्यांतले पुष्कळ त्या वाटेनं गेले. आपल्या भागाला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९५८ मध्ये. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. ज्या घरात पणजोबाची सही पणतूला वाचता येत नाही, त्या घरातल्या मुलाला ‘अकादमिक मांडणी’ वारशानं मिळालेली असेल असं आपण कशाच्या जोरावर गृहीत धरतो?

जगात या गोष्टीचा अभ्यास झालेला आहे आणि तो आपल्या कामाचा आहे. १९६६ मध्ये रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकी भाषाभ्यासकानं परदेशी विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध तपासून एक लेख लिहिला. व्याकरण सुधारलं तरी या मुलांचे परिच्छेद प्राध्यापकांना विस्कळीत का वाटतात, हा त्याचा प्रश्न होता. त्याचं उत्तर असं की परिच्छेद बांधण्याची पद्धत ही त्या त्या संस्कृतीची असते. त्यानं आकृत्या काढल्या: इंग्रजीची सरळ रेघ, पूर्वेकडच्या भाषांचा आत आत वळत जाणारा गोल. पुढे भाषाभ्यासक जॉन हाइंड्स यांनी १९८७ मध्ये जपानी लेखनावरून दाखवलं की काही लेखनपरंपरांत दुवे जोडायची जबाबदारी वाचणाऱ्यावर असते, तर इंग्रजीत ती लिहिणाऱ्यावर. आपल्या ओवीचा, भारुडाचा श्रोता दुवे जोडण्यात तरबेज आहे; सगळं उलगडून सांगितलं तर त्याला ते बालिश वाटतं.

कॅप्लनच्या आकृत्यांवर टीकाही भरपूर झाली, आणि ती टीका आपण तितकीच मनावर घ्यायला हवी. एवढ्या मोठ्या पूर्वेला एक आकृती कशी पुरेल? इंग्रजी लिहिणारे सगळे तरी सरळ रेघेत कुठे लिहितात? आपण भूमिका जास्तच ठासून मांडली होती, असं पुढे कॅप्लननं स्वतः म्हटलं. मला तीच भीती मराठवाड्याबद्दल वाटते. उद्या आपण ‘मराठवाडी विद्यार्थी असाच लिहितो’ अशी पाटी तयार केली तर आजच्या ‘विषयांतर’पेक्षा ती जास्त घातक ठरेल.

कारण मराठवाड्यात एक मांडणी नाहीच. देगलूर, बिलोली, धर्माबादकडच्या घरांत तेलुगू बोलली जाते, उदगीर, निलंगा, उमरग्याकडे कन्नड, किनवटच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी, तांड्यांवर गोरबोली, शहरांच्या जुन्या मोहल्ल्यांत दखनी आणि उर्दू. तांड्याच्या बैठकीत नायकापुढे उभं राहून गाऱ्हाणं मांडण्याची रीत पाहिलेला मुलगा आणि मदरशात सवाल-जवाबातून शिकलेला मुलगा वर्गात एकाच बाकावर बसतो. एकाच गावातही सगळे एक पद्धतीनं लिहीत नाहीत. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे महाविद्यालय काढलं आणि जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं, त्या परिसरातून लिहिती झालेली पिढी आठवा. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकानं त्या पिढीला व्यासपीठ दिलं. ‘मायबाप सरकार’ म्हणत हकीकत सांगायची आणि शेवटी हात जोडायचे, ही रीत त्या लेखणीनं नाकारली. तिथे पहिल्या ओळीत ‘मी’ उभा आहे आणि मागणी हक्काची आहे. १४ एप्रिलच्या भाषणांवर, भीमगीतांवर वाढलेला मुलगा आजही असं थेट लिहितो, आणि कधी कधी त्याच्या उत्तरावर ‘भाषा आक्रमक’ असा शेरा पडतो. म्हणजे आडून सांगितलं तरी गुण जातात आणि ठामपणे सांगितलं तरी जातात. मधल्या ज्या सुराला आपण योग्य मानतो तो कोणाच्या घरातून आला, याचा विचार आपण करावा अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

सूर म्हटला की भाषाभ्यासक जॉन गंपर्झ यांनी १९८२ मध्ये नोंदवलेलं एक उदाहरण मी वर्गात नेहमी सांगतो. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावरच्या कर्मचारी खानावळीत भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्यानं कामाला लागल्या होत्या. त्या उर्मट आहेत, सहकार्य करत नाहीत, अशी तक्रार होती. बोलण्याचं ध्वनिमुद्रण ऐकलं तेव्हा कळलं की जेवण वाढताना रस्सा हवा का हे विचारायला इंग्रज वाढपी ‘ग्रेव्ही’ हा शब्द चढत्या सुरात म्हणत, आणि या बायका उतरत्या सुरात. आपल्या कानाला त्यात काही वावगं नाही. इंग्रज कानाला मात्र ते ‘ही ग्रेव्ही, घ्यायची तर घ्या’ असं लागत होतं. बायकांना वाटत होतं आपल्याशी भेदभाव होतोय. दोघांनाही ध्वनिमुद्रण ऐकवल्यावर गुंता सुटायला लागला.

आपल्या विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲपवरचे निरोप याच जागी अडकतात. ‘सर मला उद्या सुट्टी पाहिजे.’ ‘मॅडम तुम्ही मार्क टाकले नाहीत.’ वाचणाऱ्याला फटकन लागतं. पण हीच वाक्यं तो मुलगा दारात उभा राहून, मान थोडी खाली घालून, ‘सर’ला लांबवत म्हणतो तेव्हा त्यात उद्धटपणा कणभरही नसतो. आपल्याकडे आदर असतो तो ‘काका’, ‘मावशी’, ‘सर’ या हाकेत, आवाजात, उभं राहण्यात. कागदावर आवाज उतरत नाही. लिहिताना तो आदर क्रियापदात आणावा लागतो, ‘मिळू शकेल का’, ‘कळवाल का’ असा. हे आपण वर्गात सांगितलं तर मुलांना लगेच पटतं. न सांगता आपण फक्त रागावतो.

मुलाखतीतही असंच घडतं. ‘तुमच्याबद्दल सांगा’ म्हटलं की आपला विद्यार्थी गाव, तालुका, वडील काय करतात, बहिणी किती, यांवर येतो. त्याच्या जगात माणसाची ओळख हीच असते. नवा माणूस भेटला की ‘गाव कोणतं, कोणाचा तू?’ हाच पहिला प्रश्न. समोरच्या समितीला त्याचं काम ऐकायचं असतं. प्रकल्पाबद्दल विचारलं तर तो ‘आम्ही केलं’ म्हणतो, कारण आपल्या तोंडानं आपली थोरवी सांगू नये हे त्याला आजीनं शिकवलंय. समिती लिहून घेते, ‘वैयक्तिक योगदान स्पष्ट नाही’. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळीत ज्या पोरीनं आईबापाच्या कोयत्याची आगाऊ उचल, खाडे, वाहतूक यांचा सगळा हिशेब तोंडी सांभाळलाय, ती मुलाखतीत ‘मला अनुभव काही नाही’ असं सांगून येते. तो हिशेब हा अनुभव आहे आणि तो इथे सांगायचा असतो, हे तिला सांगणारं कोणी भेटलेलं नसतं.

आणि हा प्रश्न नोकरीपाशी संपत नाही. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला तेव्हा नुकसान ७२ तासांत कळवायची अट होती. फोनवर शेतकरी पेरणीपासून सांगायला लागतो, कारण पिकाची गोष्ट तिथूनच सुरू होते. पलीकडचा माणूस नुकसानीचं कारण, तारीख आणि गट नंबर यांची वाट पाहत असतो. शेवटी गावातला जो कोणी दोन्हीकडच्या रीती जाणतो त्याच्याकडे सगळे धाव घेतात. तो बहुधा आपलाच माजी विद्यार्थी असतो.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, मग दर्जाचं काय? सगळ्यांना सगळं चालतं असं म्हणून सोडून द्यायचं का? मी याच्या पूर्ण विरोधात आहे. अहवाल अहवालासारखाच लिहिता आला पाहिजे, ईमेल ईमेलसारखा, प्रबंध प्रबंधासारखा. आपल्या मुलांना बाहेरच्या जगाची रीत शिकवायची नाही आणि वर त्याला बोलीचा अभिमान म्हणायचं, हा त्यांचा घात आहे. सुखवस्तू घरातली मुलं ती रीत घरीच शिकतात. माझं म्हणणं आहे की ती रीत आहे असं कबूल करून, नाव घेऊन, दाखवून शिकवा.

दुसरी अडचण खरी आहे. एका वर्गात शंभराच्या आसपास मुलं, अनेक महाविद्यालयांत विभाग तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या जिवावर चाललेला, गठ्ठे तपासायला मोजके दिवस. अशा वेळी प्रत्येकाची पार्श्वभूमी कोण बघणार? म्हणून मी जे मागतो आहे ते जास्तीच्या वेळाचं काम नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात क्षमतावृद्धीचे भाषाविषयक अभ्यासक्रम आले आहेत. अर्ज, अहवाल, इतिवृत्त, मुलाखत हे आपण त्यांत शिकवतोच. तिथे एकच मजकूर तीन जागी लिहून घ्या. समजा, वसतिगृहात पाणी येत नाही. हे आईला फोनवर कसं सांगाल, प्राचार्यांना अर्जात कसं लिहाल आणि एखाद्या कंपनीच्या सेवाकेंद्राला ईमेलमध्ये कसं कळवाल? तिन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि काय आधी आलं, काय मागे गेलं, काय गळलं, हे मुलांनाच विचारा. माझ्या वर्गात या तासाला एरवी तोंड न उघडणारी मुलं बोलतात. उर्दू माध्यमातून आलेली मुलगी दरखास्तीचा मायना सांगते, तांड्यावरचा मुलगा नायकापुढे बोलायची पद्धत सांगतो. तेलुगू घरातला मुलगा म्हणाला, आमच्याकडे पाहुण्याला ‘जेवलात का’ विचारल्याशिवाय पुढचं बोलणंच सुरू होत नाही. त्यावर अर्धा वर्ग म्हणाला, आमच्याकडेही.

प्रमाण द्यायची सवय असलेल्या मुलाला सांगा, की तुला विधानाला आधार द्यायचा असतो हे कळतंच; या कागदावर आधार म्हणून पावसाचा आकडा, अहवालाचं वर्ष, प्रत्यक्ष पाहणी चालते. दृष्टांत देणाऱ्याला सांगा, दृष्टांत ठेव, पण तो कशासाठी आहे ते वाक्य त्याच्या आधी लिही. एवढ्या दोन सूचनांनी त्या पाणीटंचाईच्या निबंधाला सात-आठ गुण सहज पडले असते.

तपासताना ‘विषयांतर’च्या जागी ‘हा प्रसंग कशासाठी?’ असं लिहिता येईल. लिहायला वेळ तेवढाच लागतो; मुलाला मात्र पुढे काय करायचं ते कळतं. विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तरपत्रिका मुलाच्या हाती परत जात नाही हे मला माहीत आहे. पण घटक चाचण्या आणि अंतर्गत मूल्यमापन आपल्याच हातात आहे. आणि मांडणीच्या क्रमाला गुण ठेवायचे असतील तर ते प्रश्नपत्रिकेवरच छापा: ‘पहिल्या परिच्छेदात आपले मत मांडा, त्यानंतर दोन कारणे द्या.’ ज्या अपेक्षेचे गुण आहेत ती अपेक्षा मुलांना आधी वाचायला मिळाली पाहिजे.

अभ्यासमंडळांवर जे सहकारी आहेत त्यांना वेगळी विनंती आहे. व्यावहारिक लेखनाच्या घटकात नमुने देताना एकाच शहरी घरातले नमुने नकोत. अर्जनवीसाचा अर्ज असू द्या, नाथांचं ‘अर्जदस्त’ असू द्या, ग्रामसभेचा ठराव असू द्या, कंपनीचा ईमेल असू द्या, आणि प्रत्येकाखाली हा कोणी, कोणाला, कुठल्या जागी लिहिला आहे ते नोंदवलेलं असू द्या. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड या दोन्ही विद्यापीठांच्या मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजीच्या अभ्यासमंडळांनी हे एकत्र बसून केलं तर फार बरं होईल, कारण मूल एकच असतं आणि चार विभाग त्याला चार वेगवेगळ्या मांडण्या एकमेकांना न विचारता शिकवत असतात.

तीन जागी लिहायच्या सरावाचे मी केलेले नमुने आणि मुलांच्या उत्तरांतले काही उतारे, नावं काढून, एकत्र करून ठेवले आहेत. पुढच्या मूल्यांकनाच्या वेळी मी ते सोबत आणतो. ज्यांना वर्गात वापरायचे असतील त्यांनी झेरॉक्स काढून घ्यावी, आणि आपल्या भागातले, विशेषतः सीमेवरच्या तालुक्यांतले नमुने त्यात घालावेत.

आपला,
परभणी जिल्ह्यातला एक मराठीचा प्राध्यापक